हॉटेलच्या पॉइंट्सवर मॅचचं पॅकेज घ्यावं का?

घोडबंदरकर:
मॅरियट हॉटेल्सच्या बॉनव्हॉय या पॉइंट्स योजनेत ६० हजार पॉइंट्स पडून आहेत, अर्धे ऑफिसच्या टूरचे आणि बाकीचे एचडीएफसीच्या कार्डावरचे. त्यांच्या मोमेंट्स सेक्शनमधे (पॉइंट्स देऊन मॅच, कार्यक्रम वगैरे घेता येतात ते) वानखेडेच्या मॅचचं पॅकेज दिसतंय, हॉस्पिटॅलिटी बॉक्समधे दोन सीट, जेवण वगैरे, पण लिलाव आहे आणि बोली ४५ हजारांवर गेलीय. मुलगा सातवीत आहे, क्रिकेटवेडा. बायको म्हणते एवढ्या पॉइंट्समधे गोव्याला राहून येऊ. कोणी असलं काही घेतलंय का?

पामबीच_रायडर:
दादा आधी रुपयात हिशोब करा. १५ हजार पॉइंट्सवालं हॉटेल मिळालं तर ६० हजारात चार रात्री, आणि पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या की एक फुकट असते, म्हणजे पाच झाल्या. रूम सहा हजारांची धरली तरी ३० हजार रुपये. म्हणजे पॉइंटमागे ५० पैसे, तुमची ४५ हजारांची बोली साडेबावीस हजार रुपयांची. एवढी कॅश खिशातून काढून त्या दोन सीट घेतल्या असत्या का? हो असेल तर बिनधास्त घ्या. लिलावात लोक पॉइंट्स फुकटचे समजून बोली चढवतात, तिथेच घोळ होतो.

वाशी_७०३:
वरचं बरोबर आहे, फक्त अटी नीट वाचा. तारीख ठरलेली असते, तुम्हाला जमलं नाही तर पॉइंट्स सहसा परत येत नाहीत. मुलाची परीक्षा बघून घ्या. बोली हरलात तर पॉइंट्स खात्यात परत येतात, ती काळजी नको. बाहेरगावचं पॅकेज असेल तर मी तरी घेणार नाही, फॉर्म्युला वनसारखं काही परदेशात असलं की विमान आणि व्हिसा धरून पॅकेजपेक्षा प्रवासच महाग. वानखेडे म्हणजे चर्चगेटहून दादर आणि तिथून ठाणे लोकल, वेगळा खर्च नाही.

कोपरी_ताई:
मी थोडं वेगळं सांगते. आईला घेऊन एका हॉटेलच्या किचनमधल्या सेशनला गेले होते, तेही पॉइंट्सवरच. शेफनी तिच्या हातात लाटणं दिलं, मैद्याच्या पोळीत लोण्याचा चौकोन ठेवून घडी कशी घालायची ते दाखवलं, आणि दुसऱ्या घडीला आईच त्यांना म्हणाली की लोणी सुटतंय, पीठ थंड करा. अख्खं किचन तिच्याकडे बघायला लागलं! रूम काय पैसे टाकले की मिळते हो, त्या ओट्यापाशी कोण उभं करणार होतं आम्हाला? पण नुसतं वेलकम ड्रिंक आणि फोटो असलेली पॅकेजेस पण मी बघितली आहेत, त्यात काही अर्थ नाही. मुलाला मैदानाजवळ नेणार, प्रॅक्टिस दाखवणार असं काही लिहिलंय का बघा.

घोडबंदरकर:
ताई, बघितलं, टॉसच्या आधी बाउंड्रीपाशी नेणार असं लिहिलंय. मग ५० हजारांपर्यंत जातो, वर एक पॉइंट नाही. नाही मिळालं तर गोवा.

पामबीच_रायडर:
उत्तम. आणि गोव्याचंही ठरलं नाही तरी पॉइंट्स नुसते ठेवू नका, २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसली तर उडतात.