मदत हवी आहे: भूपृष्ठ मॉडेलमध्ये जमिनीचे तापमान सूर्यास्तानंतरही चढत राहते

भूपृष्ठ_विद्यार्थी:
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील एका ठिकाणाचे भूपृष्ठ मॉडेल (जमीन आणि हवा यांच्यातील ऊर्जा व पाण्याची देवाणघेवाण मोजणारी संगणकीय प्रतिकृती) चालवत आहे. एप्रिलमध्ये दुपारनंतर जमिनीचे तापमान उतरायला हवे, पण ते सूर्यास्तानंतरही चढत राहते आणि मध्यरात्रीच्या आत मॉडेल बंद पडते. ऊर्जेचा ताळेबंद (आत येणारी ऊर्जा आणि तिचा खर्च) मात्र दर पायरीला जुळतो. मातीची उष्णतावाहकता, मुळांची खोली, अल्बेडो (परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाचा अंश), सारे बदलून पाहिले. शुक्रवारी मार्गदर्शकांना आलेख दाखवायचे आहेत, कृपया लवकर सांगावे.

मृद्‌गंध:
मातीतील ओलावा स्थिरावेपर्यंत तेच वर्ष पुन्हा पुन्हा चालवा. सुरुवातीचा ओलावा कमी धरला गेला, तर बाष्पीभवनात जाणारी ऊर्जा जमीन तापवण्यात जाते. माझ्या प्रत्येक प्रकल्पात दोष तिथेच सापडला आहे.

वांद्रे_पूर्व:
ओलाव्याने दुपारचे तापमान वर जाईल. रात्री चढण्यासाठी मात्र ऊर्जा कुठून तरी आत यायला हवी. हवामानाचा डेटा कुठला, त्याची एकके कोणती आणि वेळ जागतिक की भारतीय, हे आधी सांगा.

सिंचन_अभियंता:
मॉडेल बाजूला ठेवून बाष्पोत्सर्जन काढण्याचे पेनमन-मॉन्टिथ सूत्र एक्सेलमध्ये मांडा. संदर्भ गवताची उंची 0.12 मीटर, पृष्ठरोध (पृष्ठभागातून बाष्प बाहेर पडण्याला होणारा अडथळा) 70 सेकंद प्रति मीटर आणि अल्बेडो 0.23 धरला की दिवसाचे बाष्पोत्सर्जन लगेच मिळते.

वांद्रे_पूर्व:
एप्रिलमध्ये निष्पर्ण उभ्या असलेल्या पानगळीच्या जंगलाला ओलिताच्या गवताचा पृष्ठरोध कसा लावणार? शिवाय प्रश्न बाष्पोत्सर्जनाचा नाही.

सिंचन_अभियंता:
हाताने गणित केल्याशिवाय मॉडेलचे आकडे तपासता येत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

पवईकर:
या विषयात पुढे पीएच.डी. करायची असेल, तर आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासाचे केंद्र आहे. गणित पक्के ठेवा.

भूपृष्ठ_विद्यार्थी:
धन्यवाद, पण पीएच.डी.चा विचार सध्या नाही. डेटा ईआरए5-लँडचा (ईआरए5 या जागतिक हवामान-डेटासंचाची जमिनीपुरती आवृत्ती), तासागणिक आहे. सौरप्रारण ज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये होते, म्हणून वॅटमध्ये आणण्यासाठी तासाच्या 3600 सेकंदांनी भागले आणि वेळ भारतीय केली. संध्याकाळी साडेसहाच्या नोंदीत 6000 च्या वर आकडा दिसतो.

वांद्रे_पूर्व:
वातावरणाच्या माथ्यावरच सूर्याकडून चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट मिळतात, तेव्हा जमिनीवर 6000 येणे शक्यच नाही. ईआरए5 मध्ये प्रत्येक नोंद एका तासाची असते; ईआरए5-लँडमध्ये ती जागतिक वेळेच्या 00 वाजल्यापासूनची, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासूनची बेरीज असते. त्यामुळे आकडा दिवसभर वाढतो आणि रात्रभर तसाच राहतो. जमाच, म्हणजे आत येणारी ऊर्जाच, खोटी असली, तरी ताळेबंद जुळतोच. प्रत्येक नोंदीतून आधीच्या तासाची नोंद वजा करा आणि मग 3600 ने भागा. सकाळी साडेसहाची नोंद मात्र दिवसाची पहिली असल्याने वजाबाकी न करता घ्या. दीर्घलहरी प्रारण (वातावरणाकडून येणारे उष्णतेचे प्रारण) आणि पाऊस यांनाही हेच लागू आहे.

मृद्‌गंध:
हे मान्य, पण ओलावा तरीही स्थिर करावाच लागेल.

वांद्रे_पूर्व:
अवश्य, पण दुरुस्त डेटावर. चुकीच्या प्रारणावर दहा वर्षे चालवले, तर माती फक्त अधिक कोरडी होईल.

भूपृष्ठ_विद्यार्थी:
वजाबाकी केल्यावर सर्वाधिक प्रारण दुपारी दीडच्या नोंदीत येते आणि मॉडेल बंद पडत नाही. दीड ही वेळ उशिरा वाटते. शिवाय पहाटे अप्रकट उष्म्याचा (बाष्पीभवनात जाणाऱ्या ऊर्जेचा) प्रवाह किंचित ऋण दिसतो.

वांद्रे_पूर्व:
दीडची नोंद म्हणजे साडेबारा ते दीड हा तास. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आणि मुंबई 73 च्या आसपास, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बारा-चाळीसच्या सुमारास. पहाटेचा ऋण प्रवाह म्हणजे दव; तो काढून टाकू नका. आता मृद्‌गंध सांगतात त्याप्रमाणे ओलावा स्थिर करायला घ्या.