इस्लेटाच्या मातीच्या चर्चमध्ये स्पेनचे लोक कशाला येतात?

भटका_सोलापूरकर:
कामासाठी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला आलोय, रविवारी जवळच्या इस्लेटा प्वेब्लोत (प्वेब्लो म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं गाव) जाऊन आलो. कच्च्या विटांचं जाडजूड सॅन ऑगस्टिन चर्च. बाहेर स्पॅनिश लोकांची बस, सगळ्यांच्या गळ्यात निळे रुमाल आणि एक आजी तर भिंतीला कपाळ टेकून उभ्या! घरची एवढी मोठमोठी कॅथेड्रल सोडून इथे काय ठेवलंय?

रोहिणी_एलपासो:
निळे रुमाल म्हणजे आग्रेदाचे असणार, स्पेनच्या सोरिया प्रांतातलं गाव. तिथली नन सोर मारिया (1602–1665) जन्मात गावाबाहेर पडली नाही, पण म्हणायची की समाधीत मी समुद्रापलीकडे जाऊन लोकांना धर्म सांगते. इकडे 1629 च्या उन्हाळ्यात हुमानो नावाच्या मूळ जमातीचे लोक इस्लेटात येऊन पाद्री मागायला लागले, म्हणे निळ्या झग्यातल्या बाईने पाठवलंय. पाद्र्यांनी दुसऱ्याच एका वयस्कर ननचं चित्र दाखवलं तर म्हणाले कपडे असेच, पण आमची बाई तरुण आहे. आपल्याकडे स्वामी एकाच वेळी दोन गावात दिसले म्हणतात ना, तसंच.

जुनी_वही:
गोष्ट छान आहे पण सांगणारा कोण ते बघा की. इथे धर्मप्रचार करणाऱ्या फादर बेनाविदेसला स्पेनच्या राजाकडून आणखी पाद्री हवे होते, 1630 चा त्याचा अहवाल म्हणजे जवळपास जाहिरातच. 1631 ला तो आग्रेदाला जाऊन तिला भेटला, तिने सगळ्याला दुजोराही दिला, पण 1650 ला इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) चौकशी केली तेव्हा बाई म्हणाल्या की पाद्र्यांनी बरंच वाढवून लिहिलंय.

रोहिणी_एलपासो:
हो ते आहेच, पण भाविकांना त्याने काय फरक पडतो 😄 आणि प्वेब्लो लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, बाजू वेगळीच. स्पॅनिश राजवटीविरुद्धच्या त्यांच्या 1680 च्या उठावात 21 पाद्री मारले गेले. 1681 ला स्पॅनिश गव्हर्नर ओतेरमीन सैन्य घेऊन परत आला तेव्हा हे चर्च जळलेलं आणि आत गुरं कोंडलेली! जाताना तो इस्लेटाच्या शेकडो लोकांना धरून दक्षिणेला घेऊन गेला, आमच्या एल पासोतलं त्याच नावाचं इस्लेटा त्यांचंच. चर्च नंतर अठराव्या शतकात परत उभं केलं.

भटका_सोलापूरकर:
बापरे, हे कुठल्याच पाटीवर नव्हतं. ते हुमानो आता कुठे असतात?

जुनी_वही:
अठराव्या शतकानंतर वेगळी जमात म्हणून नोंदी जवळपास मिळत नाहीत, बरेच अपाचे या दुसऱ्या जमातीत मिसळले असं मानतात. आणि हो, परत गेलास तर फोटो विचारून काढ, लोक राहतात तिथे, म्युझियम नाहीये ते.