शिक्षकी सोडून पूर्णवेळ लेखन : गोव्यात राहून हे निभेल का?

प्रश्न — अंत्रुजची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात मराठी आणि इतिहास शिकवते. नोकरी सोडून लेखन हाच व्यवसाय करावा, असे बरीच वर्षे मनात घोळत होते आणि आता घरच्यांनीही त्याला होकार दिला आहे. शिकवण्याचा मला कंटाळा आलेला नाही. मात्र ऑनलाइन नोंदी, सर्वेक्षणे, अहवाल आणि निवडणुकीचे काम आटोपल्यावर लिहायला जो वेळ उरतो, तो रात्रीचा असतो आणि तोवर अंगात त्राण राहिलेले नसते.

दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत माझे लेख येतात, दिवाळी अंकांचे एक-दोन संपादक दरवर्षी आठवणीने लेख मागतात आणि गावच्या देवस्थानाच्या स्मरणिकेचे संपादनही मी केले आहे. या सगळ्याचे मिळून वर्षाकाठी जे मानधन हाती पडते, त्यात घराचे वीजबिलसुद्धा भागणार नाही. त्यामुळे मला नेमके विचारायचे आहे ते असे की, गोव्यात राहून मराठीत लिहिणाऱ्याला नियमित पैसे देणारे काम कोणते असते, त्याचा दर कसा सांगावा, आणि नोकरी सोडण्यापूर्वी कोणत्या गोष्टी मार्गी लावून ठेवाव्यात? ‘छंद म्हणून लिहीत राहा’ हा सल्ला पुष्कळ जणांनी दिलेला असल्याने तो कृपया वगळावा.

उत्तर — भाषांतरकार, म्हापसा

बाई, मीही उच्च माध्यमिक विद्यालयातील नोकरी सोडूनच या व्यवसायात आलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या नावाने छापून येणारे लेखन आणि ज्यावर घर चालते ते लेखन ही दोन खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. पुरवणीतला लेख आपली ओळख निर्माण करतो आणि त्या ओळखीवर काम येते, परंतु ते काम सहसा बिननावाचे असते. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा ठेवली. व्यवहारात इंग्रजी आहेच. एकच मजकूर दोन किंवा तीन भाषांत लागणारे हे राज्य असल्याने येथे भाषांतराला आणि संपादनाला जेवढी मागणी आहे, तेवढी स्वतंत्र लेखाला कधीच नसते. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, देवस्थानांची माहितीपुस्तके, स्वयंसेवी संस्थांचे प्रशिक्षण साहित्य, माहितीपटांच्या संहिता, एखाद्या निवृत्त डॉक्टरांचे किंवा उद्योजकाचे आत्मकथन शब्दबद्ध करणे, असे हे काम असते. शेवटचा प्रकार आपल्याला विशेष जमेल असे वाटते, कारण समोरच्याला बोलते करून त्याच्या सांगण्याला क्रम लावणे हे इतिहासाच्या शिक्षिकेचे रोजचेच काम आहे.

गोव्याच्या इतिहासावर लिहिणार असाल, तर पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात ठाण मांडण्याची सवय लावून घ्यावी. 1832 मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांपर्यंत पोहोचता येते. स्मरणिकेत ‘गावचा इतिहास’ म्हणून ऐकीव मजकूर छापण्याची जी रीत पडली आहे, तिच्यापेक्षा वेगळे काही आपण देऊ शकलात, तर पुढची समिती आपणहून शोधत येईल.

आता दराविषयी. भाषांतराचा दर शब्दामागे सांगितला जातो, संपादनाचा व मुद्रितशोधनाचा पानामागे, आणि स्मरणिकेसारख्या कामाचा ठोक. ठोक कामात नवखा माणूस हमखास फसतो, कारण काम कोठे संपते हे कोणी ठरवलेलेच नसते. एक उदाहरण देतो. समितीकडून मजकूर येतो तेव्हा काही लेख हस्तलिखित, काही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या छायाचित्रात आणि काही जुन्या श्रीलिपी टंकात असतात. ते युनिकोडमध्ये आणताना ‘सर्व’मधला रफार गळतो किंवा भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरे फुटतात, आणि अवतरणचिन्हांच्या जागी कसलीतरी चौकोनी खूण येते. हे सर्व निस्तरायला लागणारा वेळ मूळ संपादनापेक्षा जास्त असतो आणि समितीच्या लेखी ते काम अस्तित्वातच नसते. म्हणून मजकूर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आकडा सांगू नये. अक्षरजुळणी कोण करणार, मुद्रिते किती वेळा वाचली जातील आणि अध्यक्षांचे मनोगत ऐन वेळी बदलल्यास वेगळे पैसे पडतील की नाही, हे ई-मेलने कळवून त्यावर होकार घ्यावा. निम्मी रक्कम आगाऊ मागण्यात संकोच बाळगू नये. आपण शिक्षक मंडळी पैशाचा विषय काढताना उगाच ओशाळतो आणि समोरच्याला ते चटकन समजते.

आणखी एक गोष्ट नव्याने आली आहे. यंत्राने केलेले भाषांतर पाठवून ‘फक्त एकदा नजर फिरवा’ असे सांगणारे ग्राहक वाढले आहेत. नजर फिरवण्याच्या दरात संपूर्ण भाषांतर नव्याने करावे लागते, असा माझा अनुभव आहे. अशा वेळी मी पहिले एक पान दुरुस्त करून त्यातील बदल रंगीत खुणांसह पाठवतो आणि मग दर सांगतो. पान लालभडक झालेले दिसले की घासाघीस फारशी होत नाही.

उत्तर — निवृत्त मुख्याध्यापक, डिचोली

आपण अनुदानित विद्यालयात आहात, म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. घाईने राजीनामा लिहून देऊ नये. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु केंद्रीय सेवा नियमांत त्यांचे परिणाम अगदी निराळे आहेत. राजीनाम्याने मागील सेवा सहसा बाद धरली जाते, तर 20 वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. आपल्या विद्यालयाला यातील काय व कसे लागू होते, हे व्यवस्थापनाकडून तोंडी ऐकून घेण्याऐवजी भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. 20 वर्षांना थोडेच कमी पडत असेल, तर तेवढा काळ तग धरणे शहाणपणाचे ठरेल. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असाल, तर मुदतीआधी बाहेर पडल्यावर जमा रकमेतील मोठा हिस्सा वार्षिकीत, म्हणजे हप्त्याहप्त्याने निवृत्तिवेतन देणाऱ्या योजनेत गुंतवावा लागतो, हेही हिशेबात धरावे. ती रक्कम हाती येईल आणि तीवर पहिली दोन-तीन वर्षे काढता येतील, असे गृहीत धरून नोकरी सोडलेली माणसे मी पाहिली आहेत.

हे वाचणाऱ्या विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांसाठीही एक माहिती देतो. 2009 च्या दुरुस्तीने 1972 च्या उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्यात शिक्षकांचा समावेश झाला आणि तो 3 एप्रिल 1997 पासून लागू मानला गेला. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या शिक्षकाने राजीनामा दिला, तरी उपदानावर त्याचा हक्क राहतो.

नोकरीत असताना लेखन करता येते का, असे पुष्कळ जण विचारतात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत प्रासंगिक स्वरूपाच्या साहित्यिक कामाला पूर्वपरवानगी लागत नाही. अट एवढीच की कर्तव्यात कसूर होता कामा नये. नियमित व्यवसाय ही गोष्ट मात्र वेगळी आहे. शक्य असल्यास बिनपगारी रजेचा अर्ज करून काही महिने पूर्णवेळ लिहून पाहावे. पगार बंद असतानाचा महिना कसा जातो, हे घरातील सर्वांनाच त्यातून कळेल.

वैद्यकीय खर्चाचाही विचार आधीच व्हावा. राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून सरकारी कर्मचारी वगळलेले आहेत. नोकरी सुटल्यावर आपले कुटुंब तीत बसते का हे पाहावे, आणि खासगी विमा घ्यायचाच असेल तर तो पगार चालू असतानाच घ्यावा.

उत्तर — करसल्लागार, मडगाव

थोडक्यात लिहितो. संस्था किंवा कंपनी आपल्याला व्यावसायिक शुल्क देताना 10 टक्के कर कापून घेऊ शकते. 1 एप्रिल 2025 पासून एका देणेकऱ्याकडून वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत मिळालेल्या शुल्कावर ही कपात होत नाही. कापलेली रक्कम आपल्या नावावर जमा झाली की नाही, हे विवरणपत्र भरण्यापूर्वी तपासावे, कारण लहान संस्था कपात करतात आणि भरणा करण्यास विसरतात. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही आणि काम पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाचे असले तरी ही मर्यादा तीच राहते. पुस्तकाच्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) जुन्या करपद्धतीत 3 लाखांपर्यंत वजावट मिळते, मात्र शालेय पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके तीत बसत नाहीत.

लहान उद्योगांच्या नोंदणीसाठी असलेल्या सरकारच्या ‘उद्यम’ संकेतस्थळावर सेवा-उद्योग म्हणून मोफत नोंदणी करून घ्यावी. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला असला की काही लेखापाल जरा लवकर हलतात.

उत्तर — नाटकवाला, सत्तरी

वरील सर्व सल्ले व्यवहारी आहेत, तरीही म्हापशाच्या भाषांतरकारांशी मी पूर्ण सहमत नाही. बिननावाच्या कामाची एक अडचण अशी की ते जितके चांगले कराल तितके जास्त येते, आणि ज्यासाठी नोकरी सोडली ते लेखन पुन्हा रात्रीवरच ढकलले जाते. शाळेऐवजी पतसंस्थेचा अहवाल आला, एवढाच काय तो फरक. म्हणून सकाळचे पहिले काही तास स्वतःच्या लेखनासाठी राखावेत आणि त्या वेळेत ग्राहकाचा फोन उचलू नये. दिवाळी अंकांची मागणी जुलै-ऑगस्टमध्ये येते आणि चतुर्थीत घर पाहुण्यांनी भरलेले असते, हे ध्यानात घेऊन जून महिना तरी पूर्णपणे स्वतःसाठी मोकळा ठेवावा.

शिवाय आपल्या नावाने मिळकत देणारा एक मार्ग येथे कोणी सांगितलाच नाही, तो म्हणजे नाटक. आपल्याकडे जत्रा, काला, शिगमो अशा निमित्तांनी गावोगावची हौशी मंडळे मराठी नाटके करतात, आणि दरवर्षी त्यांना नवी संहिता हवी असते. पुरुषपात्रे भरपूर, स्त्रीपात्रे दोन किंवा तीन, देखावा एकच, आणि रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत प्रेक्षकांना जागवील असा विनोद, एवढ्या अटी सांभाळून लिहिणाऱ्याला काम कमी पडत नाही. प्रत्येक प्रयोगाच्या परवानगीचे मानधन असते आणि तीच संहिता दुसऱ्या गावच्या मंडळालाही देता येते. काही मंडळे परवानगी न घेताच प्रयोग उरकतात, हेही खरे. मात्र हस्तपत्रिकेवर लेखकाचे नाव छापलेले असते, त्यामुळे बातमी कानावर येतेच.

शालेय स्नेहसंमेलनांसाठी आपण एकांकिका लिहिल्या असतील, तर त्या बाहेर काढा. मुलांना पेलतील अशा संवादांचा सराव असलेला लेखक हौशी नटांनाही पेलणारे संवाद लिहितो.

प्रश्नकर्ती — अंत्रुजची शिक्षिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुख्याध्यापक सरांच्या सूचनेनुसार राजीनाम्याचा विचार तूर्त बाजूला ठेवून सेवेचा हिशेब लेखी मागवते आणि बिनपगारी रजेची चौकशीही करते. एकांकिका खरोखरच आहेत, त्या काढून पाहीन.

एक तातडीची शंका मात्र आहे. एका प्रकाशकाने माझ्याकडे आठवीच्या इतिहासाची स्वाध्यायपुस्तिका ठोक रकमेत मागितली असून, करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ एवढे एकच वाक्य आहे. रक्कम मला बरी वाटते. सही करावी का?

उत्तर — भाषांतरकार, म्हापसा

आहे तशी सही करू नये. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणारा लेखक हा आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो आणि हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते हस्तांतर मानतो. आपल्या करारात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आधीच घालून ठेवलेला असल्याने पाच वर्षांचे ते संरक्षण आपल्या हातून जाते. त्या जागी ‘पाच वर्षांसाठी, मराठी छापील आवृत्तीपुरते’ असे सुचवून पाहावे, आणि डिजिटल आवृत्ती व कोंकणी-इंग्रजी रूपांतरे यांचा मोबदला स्वतंत्रपणे ठरेल, असे त्यापुढे जोडावे. अभ्यासक्रम बदलला की स्वाध्यायपुस्तिका तशीही जुनी होते, त्यामुळे प्रकाशकाला मुदतीची अट सहसा जड जात नाही. रूपांतराचा हक्क सोडायला मात्र तो कुरकुर करील.

तो ‘कायमस्वरूपी’वरच अडून बसला, तर ठोक रक्कम वाढवून मागावी आणि मुखपृष्ठावर नाव येईल असे लिहून घ्यावे. हक्क विकल्यानंतरही लेखक म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार 57 व्या कलमाने आपल्याकडेच राहतो, परंतु तो वापरण्यासाठी वकिलाकडे जाण्यापेक्षा करारात एक ओळ वाढवणे पुष्कळ स्वस्त पडते. मसुदा दुरुस्त करून मिळाला, तर नावे व रक्कम झाकून येथे टाकावा, मी वाचून पाहीन. आणि आपण अजून नोकरीत आहात, तेव्हा हे काम ‘प्रासंगिक’ सदरात मोडते की त्यासाठी परवानगी लागते, हे सरांना विचारूनच पुढे जावे.