औषध बाधलं, की औषधाने अपाय केला? (शब्दचर्चा)

खानापूरचा भाचा
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. खानापुरातल्या माझ्या मावशीला गालाच्या नसेच्या दुखण्यावर डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन दिलं. काही आठवड्यांत ताप, अंगभर चट्टे, ओठ सोलून निघाले, तोंडातून पाणीसुद्धा जाईना. निदान स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे बहुतेक वेळा औषधानेच होणारं, कातडी सोलून काढणारं जिवावरचं दुखणं. वाचली, पण डोळ्यांचं दुखणं मागे राहिलं. आता औषधकंपनीविरुद्ध बेळगावात ग्राहक आयोगाकडे तक्रार घालतोय. वकिलांचा मसुदा इंग्रजीत आहे, मावशी मराठीशिवाय काही वाचत नाही, आणि न वाचता सही करणाऱ्यांतली ती नव्हे. म्हणून मी मराठी करतोय. ‘साइड इफेक्ट’ला ‘आडपरिणाम’ लिहिलं, तर पुण्याच्या मामेभावाने ते खोडून ‘दुष्परिणाम’ केलं आणि वर शेरा मारला, ‘असा शब्द मराठीत नाही.’ लहानपणापासून ऐकतोय की ओ हा शब्द! मावशी स्वतः तर ‘मला ते औशीद बाधलं’ एवढंच म्हणते. काय ठेवू?

वडगावकर
तुमचा आडपरिणाम कन्नड ‘अड्डपरिणाम’ आहे, इतकंच. आपण इथे दोन्ही कानांनी दोन भाषा ऐकतो, शब्द कधी इकडून तिकडे गेला ते कळतही नाही. मामेभावाचं बरोबर आहे.

टिळकवाडी
अजिबात बरोबर नाही. आडनाव, आडवाट, आडगाव, आडवळण हे सगळं काय कन्नडातून आलं? मुख्य वाटेला फुटलेली ती आडवाट, तसा मुख्य परिणामाला फुटलेला तो आडपरिणाम. उलट ‘दुष्परिणाम’च चुकीचा. सर्दीच्या गोळीने झोप येते, त्यात ‘दुष्’ काय आहे? रात्री घेतली तर उपकारच.

औषधदुकानवाला
गिऱ्हाईक यातलं काहीच म्हणत नाही. ‘रिअ‍ॅक्शन आली’ म्हणतं. नाहीतर ‘गोळी हीट पडली’. आमच्या धंद्यात मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या धरतात. झोप येणं, तोंड कोरडं पडणं हा साइड इफेक्ट. मावशींना झालं ती औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया. तक्रारीत ‘साइड इफेक्ट’ लिहिलंत तर समोरचा वकील म्हणेल, तो तर सगळ्याच औषधांना असतो.

एक कामाचं सांगतो. असं झालं की गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाला कळवता येतं. रुग्णांसाठी वेगळा फॉर्म आहे, मराठीतही आणि कन्नडमध्येही, फोन १८००-१८०-३०२४. त्याने पैसे मिळत नाहीत, पण नोंद होते. कार्बामॅझेपिनने अशी कातडी सोलली जाते हे जगभर माहीत आहे. एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असणाऱ्यांना धोका जास्त. आमच्याकडे मात्र पट्टी कात्रीने कापून सहा गोळ्या देतात, आणि माहितीचा कागद खोक्यात राहतो.

निवृत्त कारकून, शहापूर
‘बाधलं’ तर मुळीच लिहू नका. काकडी बाधली, गार पाणी बाधलं, म्हणजे बाकीच्यांना चाललं, हिलाच चाललं नाही. खोट शरीराची ठरते. कंपनीला हेच हवंय. ‘औषधाने अपाय केला’ लिहा. कर्ता कोण ते दिसू दे.

टिळकवाडी
काका, आणि विषबाधा? लग्नात पन्नास माणसांना विषबाधा झाली तर जेवणाऱ्यांच्या पोटाला दोष देतात, की आचाऱ्याला धरतात?

निवृत्त कारकून, शहापूर
तिथे ‘विष’ हा शब्द काम करतो, ‘बाधा’ नव्हे. ‘औषधबाधा’ म्हणून बघा, कसं लागतं कानाला.

कोर्टात जाणारी
शहापूरच्या काकांचा मुद्दा कायद्यालाही धरून आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहावं प्रकरण उत्पादनामुळे झालेल्या हानीबद्दलच आहे, कलम ८२ ते ८७. ‘हानी’ची तिथे व्याख्या आहे, तिच्यात आजारपण, शरीराची इजा, मृत्यू, मानसिक त्रास येतो. तेव्हा मसुद्यात मूळ इंग्रजी शब्द ‘हार्म’ असेल तिथे सगळीकडे ‘हानी’च ठेवा. एकदा अपाय, एकदा इजा, एकदा त्रास असं साहित्यिक वैविध्य नको.

पण खरी गाठ कलम ८७ मध्ये आहे. जे उत्पादन तज्ज्ञानेच किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं, त्याचा इशारा कंपनीने त्या तज्ज्ञापर्यंत वाजवी मार्गाने पोचवला असेल, तर ‘आम्हाला सांगितलं नाही’ एवढ्यावर कंपनी जबाबदार धरली जात नाही. लाल रेघेचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं औषध म्हणजे नेमकं हेच. कंपनी म्हणणार, डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टर म्हणणार, दुकानदाराने कागद द्यायचा. म्हणून ‘इशारा’ आणि ‘सूचना’ यांची गल्लत करू नका. ‘जेवणानंतर घ्या’ ही सूचना. ‘अंगावर चट्टा दिसला की गोळी बंद करून ताबडतोब या’ हा इशारा. मावशींना यातलं काय कोणी सांगितलं होतं, ते आधी विचारा.

खानापूरचा भाचा
विचारलं. ‘एक सकाळी, एक रात्री’ एवढंच.

हिंडलगा रोड
कोलकात्याच्या अनुराधा साहांना असंच कातडीचं दुखणं होतं ना? २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने जवळजवळ सहा कोटी दिले. तो दाखला घाला.

कोर्टात जाणारी
ते प्रकरण उपचारातल्या निष्काळजीपणाचं होतं. त्या १९९८ मध्ये गेल्या. ठपका डॉक्टर आणि रुग्णालयावर होता, स्टेरॉइडचा डोस भलताच दिला म्हणून. औषधकंपनीवर नव्हे. दाखला जपून.

वडगावकर
आणि भाचेसाहेब, शेवटी मागणार काय? ‘परिहार’ लिहू नका म्हणजे मिळवली. २०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत जो तो ‘परिहार आला काय?’ विचारत होता. परिहार म्हणजे निरसन. श्रमपरिहार असतो, शंकापरिहार असतो. पैशाला नुकसानभरपाई म्हणतात.

अनगोळची सून
मी धारवाडची, सासर अनगोळ. कन्नडात परिहार म्हणजे भरपाईसुद्धा, आणि शब्द संस्कृत आहे, कुणाच्या बापाचा नाही. आयोगाच्या पाटीवरच ‘ग्राहकर व्याज्यगळ परिहार आयोग’ असतं. आमच्या सासूबाई ते वाचून म्हणाल्या, इथे व्याज पण मिळतंय होय! (व्याज्य म्हणजे तंटा.) मावशींना परिहार कळतो, नुकसानभरपाईला त्या दोनदा अडखळतील. कागद मावशींसाठी आहे ना?

वडगावकर
वहिनी, प्रश्न कळण्याचा नाही. मराठीत कागद मिळावेत म्हणून आमची पिढी इथे मोर्चे काढत आली, आणि मिळालेल्या कागदात आपणच कन्नड घालायचं? जिथे भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्के आहेत तिथे सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे १९५६ पासून मान्य आहे. ते मागायचं सोडून...

अनगोळची सून
मागा की. मी कुठे नको म्हणाले? पण सावरकरांचा ‘महापौर’ सगळ्यांनी घेतला, कारण तो तोंडात बसला. ‘प्रतिकूल औषधप्रतिक्रिया’ मावशींच्या तोंडात बसवून दाखवा.

औषधदुकानवाला
रिअ‍ॅक्शन.

टिळकवाडी
भरपाई म्हणा नाहीतर परिहार, ‘दावा’ शब्दाचं कुणी काही बोललं नाही! मूळ अरबी. जुन्या मराठीत दावा म्हणजे वैरसुद्धा, दावा साधणे म्हणजे सूड उगवणे, आणि दावेदार म्हणजे शत्रू. आता हिंदीच्या नादाने वर्तमानपत्रात ‘विजयाचे प्रबळ दावेदार’ छापतात.

निवृत्त कारकून, शहापूर
दाव्याचा गुरांच्या दाव्याशी संबंध नाही का? एकदा दावा घातला की माणूस खुंट्याला बांधलाच जातो.

टिळकवाडी
नाही हो काका. ते दावं संस्कृत ‘दाम’वरून, दामोदरातलं.

कोर्टात जाणारी
आयोगाकडे दावा नसतो, तक्रार असते. आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत घालायची असते, ती तारीख बघा आधी. भरपाई कितीही मागा. आयोग कुठला हे मोजलेल्या किमतीवर ठरतं, आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगच. तुमच्या गोळ्यांची किंमत तेवढी नसेल.

खानापूरचा भाचा
तारीख आहे अजून. मावशीला वरचं सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, ‘बाधलं’च ठेव, पण पुढं लिही की बाधतंय हे त्यांना ठावं होतं. वकिलांना सांगितलं, तर ते म्हणतात ‘ठावं’ नको, ‘ज्ञात’ लिहा.

वडगावकर
ज्ञात कसलं? ‘माहीत’ लिहा.

अनगोळची सून
माहीत पण अरबीच की ओ!

टिळकवाडी
माहीत अरबी? पुरावा द्या. ‘माहिती’चं मूळ शोधायला वेगळा धागा काढतो.