रीडिंग ‘ॲडजस्ट कर’ म्हणतात, नवीन माणसाने काय करायचं?

अंबडचा ट्रेनी:
यंदाच मेकॅनिकल झालं, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला लागलोय, तिसरा महिना चालू आहे. काम आवडतंय, पण परवा सेकंड शिफ्टला बुशचा बोअर (आतलं भोक) होता 25 एच7, म्हणजे 25.000 ते 25.021 मिमीच चालतो, बोअर गेजवर तीन पीस 25.028 दाखवत होते, सिनियरना सांगितलं तर म्हणाले माल न्यायला गाडी लागलीये, 25.018 टाक आणि सही कर, सगळे असंच करतात. केली मी सही. तेव्हापासून घास गिळत नाहीये. पप्पा म्हणतात आधी नोकरी टिकव. बोललो तर कन्फर्मेशन अडकेल का?

सातपूर क्यूए:
भावा, लॉट परत आला की रिपोर्टवरचं नाव बघतात, सिनियरचं तोंडी बोलणं कुठेच नसतं. आधी एक सांग, पीस मशीनवरून काढल्या काढल्या मोजले का? स्टीलचा 25 चा बोअर दहा डिग्री तापला की साधारण 3 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) वाढतो, म्हणून गार होऊ दे, गेज सेटिंग रिंगवर (ठरलेल्या मापाची रिंग) परत सेट कर आणि मग मोज. तुझे 7 मायक्रॉन जास्त आहेत, ते सगळे काही गरमीचे नसतील. खरंच बाहेर असेल तर लाल टॅग लाव, म्हणजे माल बाजूला राहील, आणि सिनियरना मेल टाक, ‘25.028 येतंय, काय करू’ एवढंच. माल पाठवायचाच असेल तर कस्टमरकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा माल चालेल अशी परवानगी, घेतात, तो सरळ रस्ता आहे.

सिन्नरची मुलगी:
मी पहिल्या नोकरीत सही करायला नाही म्हटलं होतं, पंधरा दिवस कँटीनमध्ये कोणी शेजारी बसलं नाही, खूप रडले. पण मशीनवरचे आयटीआयवाले काका मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरी इन्सर्ट (टूलचं कापायचं टोक) झिजलाय, मी कधीचा सांगतोय, कोणी लिहूनच घेत नाही. तूही ऑपरेटरला विचार, त्यांना आपल्या आधी कळतं. कन्फर्मेशनचं खोटं सांगत नाही, माझं दोन महिने लांबलं, पण झालं.

अंबडचा ट्रेनी:
गरमच मोजले होते, हे डोक्यातच आलं नाही. त्याच लॉटचे काही पीस अजून स्टोअरला आहेत, उद्या फर्स्ट शिफ्टला आमच्या ऑपरेटर काकांसोबत गार करून मोजतो आणि बाहेर निघाले तर आधीच्या रिपोर्टचंही मेलमध्ये लिहितो, गेलेला माल कस्टमरने लाइनवर घ्यायच्या आत थांबवता आला पाहिजे.