क्रिप्टोच्या ग्रुपात लोकांना भाव सोडून बोलतं कसं करायचं?

कृष्णाकाठचा_निल्या: नमस्कार मंडळी. विश्रामबागेतल्या आम्ही काही मित्रांनी टेलिग्रामवर क्रिप्टोचा मराठी ग्रुप काढलाय. मिरज, तासगाव, विटा धरून दीडशेभर माणसं आहेत. पण बोलणं म्हणजे "टू द मून" (भाव गगनाला जाणार), नफ्याचे स्क्रीनशॉट आणि रेफरल लिंका. परवा एकीनं विचारलं, एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या साइटवर ठेवलेलं कॉइन आपलं की त्यांचं? उत्तर आलं, "गुगल कर." तेव्हापासून ती गप्पच. चांगली चर्चा व्हावी म्हणून तुम्ही काय करता? खर्च शून्य. फार तर चहाचा.

विट्याचा_गलाईवाला: आधी सगळ्यांना हार्डवेअर वॉलेट, म्हणजे कॉइनची चावी आपल्याकडंच ठेवणारं पेनड्राइव्हसारखं यंत्र, घ्यायला लावा. माझं दहा हजाराच्या वर गेलं, पण झोप लागते.

मिरजकर_बुवा: टेलिग्राम सोडा, डिस्कॉर्डवर या. मी महिन्याला पैसे भरून बॉट ठेवलाय. मेसेज टाकला की माणसाची लेव्हल वाढते.

कृष्णाकाठचा_निल्या: बुवा, चर्चा वाढली का पण?

मिरजकर_बुवा: हॅलो लई वाढलेत.

हिशेबवाली_ताई: पैसे कशाला घालवताय? टेलिग्राममध्येच टॉपिक्स चालू करा. भाव एकीकडं, कर एकीकडं, नवख्यांचे प्रश्न वेगळे. स्लो मोड लावा, दोन मेसेजांच्या मधे थांबावं लागतं, म्हणजे एकच माणूस सलग वीस मेसेज टाकत नाही. आणि एक नियम कडक पाळा: कॉइनची तारीफ करायची तर ते आपल्याकडं आहे की नाही हे आधी लिहायचं. आमच्याकडं ह्या नियमानं निम्मे टिप देणारे आपोआप थंड झाले. बोलणं सुरू करायला कराचा विषय काढा. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा नाही. प्रत्येकाचा खिसा त्यात अडकलेला असतो, मग मुके पण बोलतात.

बेदाणा_तासगाव: तोटा वजा होतो ओ. माझ्या सीएनं केलाय.

हिशेबवाली_ताई: त्यांना १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ११५बीबीएच परत वाचायला सांगा. खरेदीची किंमत तेवढी वजा होते.

बेदाणा_तासगाव: शेअरचा होतो की!

हिशेबवाली_ताई: शेअरचा होतो. हे शेअर नव्हेत.

सातारचा_अण्णा: ग्रुप बंद करा, पैसे एफडीत टाका.

विट्याचा_गलाईवाला: एफडी कशाला? सोनं घ्या.

हरिपूरचं_पेव: सांगलीला सट्टा कुणी शिकवायला नको, हळदीचा वायदा बघतच आम्ही मोठे झालो. भाव सगळेच विचारायचे, पण मालाची प्रत ओळखणाऱ्याचं ऐकलं जायचं. तुमच्यात माल बघितलाय कुणी? बिटकॉइन काढणाऱ्या सातोशीचा २००८ चा पेपर जेमतेम नऊ पानांचा आहे, त्यात बारा भाग. आठवड्याला एक भाग घ्या. एकानं मराठीत सांगायचा, दुसऱ्यानं फक्त खोट काढायची. पुढच्या वेळी अदलाबदल. आणि त्या बाईंचा प्रश्न पिन करा. नोव्हेंबर २०२२ ला एफटीएक्स हे एक्स्चेंज बुडालं तेव्हा जगभर लोक तेच विचारत होते.

इस्लामपूरचा_वाघ्या: वॉलेट घ्याच, मी पण तेच म्हणतो. आणि भावावर सरळ बंदी घाला. मे २०२२ मध्ये लूना ही कॉइन कोसळली, त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत आमच्या ग्रुपात शंका काढणाऱ्याला "फड पसरवतोस" (म्हणजे उगा भीती घालतोस) म्हणून हाकलत होते. हाकललेला तेवढा वाचला, आम्ही आत बसून बुडालो. ॲडमिननं एका शब्दानं माफी मागितली नाही.

मिरजकर_बुवा: स्लो मोड लावा, टॉपिक्स करा. मी हेच सांगणार होतो.

कृष्णाकाठचा_निल्या: सगळ्यांचे आभार. टॉपिक्स केलेत, ताईंचा नियम पण घेतला. स्लो मोड नको, नवख्याला कुणी समजावत असला तर मधेच अडकतो. भावबंदीही नको, भाव हवाच असतो माणसांना. आमचा पम्या सगळ्यात जास्त "मून" टाकतो. भावाच्या टॉपिकचा ॲडमिन त्यालाच केला. का वाढलं किंवा का पडलं हे दोन ओळीत न सांगणाऱ्याचा मेसेज त्यानंच काढायचा. पेपरचा पहिला भाग रविवारी त्या प्रश्नवाल्या ताई सांगणार आहेत, खोट काढायला मी.

इस्लामपूरचा_वाघ्या: चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

हिशेबवाली_ताई: पम्याला ॲडमिन? आठ दिवसांत परत याल इथं विचारायला.

कृष्णाकाठचा_निल्या: बघू. आज सकाळी त्यानं स्वतःचेच चार मेसेज काढले.

बेदाणा_तासगाव: ग्रुपची लिंक टाका की. सीएला पण घेतो आत.