हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलंय, नाही म्हणायची हिंमत होत नाहीये. काय करू?

सांगोल्याची_लेक

नमस्कार मंडळी, इथे वाचते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच. माझं वय ३६, मुलगी नववीत, मुलगा चौथीत. मिस्टर गेल्या श्रावणात गेले, रात्री छातीत दुखायला लागलं आणि सोलापूरला नेईपर्यंत सगळं संपलं.

जमीन सासऱ्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली, पाच एकर, त्यात दोन एकर डाळिंब होतं ते तेल्या रोगाने गेलं आता नुसती ज्वारी आणि थोडा मका. सासरे वारले तेव्हा नणंदेने हक्कसोड करून दिलं (भाऊबीजेची एक साडी मिळाली तिला, असो), त्यामुळे सातबाऱ्यावर सासूबाई, मिस्टर आणि धाकटे दीर अशी तीन नावं आहेत. मिस्टरांच्या जागी आमची नावं अजून लागलेली नाहीत.

आता दीर म्हणतात वहिनी तुम्ही आणि पोरांनी हक्कसोडपत्र करून द्या, सोसायटीचं कर्ज नवंजुनं (जुनं फेडून परत नवीन) करायला सोपं जातं, आम्ही काय तुम्हाला उपाशी ठेवणार आहोत का. येत्या मंगळवारी रजिस्टर ऑफिसला जायचं ठरवलंय, मला कुणी विचारलंच नाही, नुसतं सांगितलं की मंगळवारी मोकळ्या राहा. दीर वाईट आहेत असं नाही, मिस्टर गेल्यावर दवाखान्याचं बिल त्यांनीच भरलं. पण जाऊबाई परवा बोलता बोलता बोलून गेल्या की उद्या हिने दुसरं घर केलं तर जमीन परक्याच्या घरात जायची.

मला कळतंय की सही करू नये. पण दीर समोर आले की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, पोटात गोळा येतो. आजपर्यंत मी एकटी तालुक्याला बँकेत पण गेलेली नाही, सगळं हे बघायचे. माहेरी भाऊ आहे पण तो म्हणतो त्यांच्यात आपण कसं पडायचं. आणि सही नाही केली आणि घरातनं बाहेर काढलं तर दोन पोरं घेऊन जाऊ कुठं?

---

बोलकी_मैना

मंगळवारी जाऊ नका. ताप आलाय म्हणा, जुलाब म्हणा, काहीही म्हणा. बाकीचं नंतर बघू.

---

निवृत्त_तलाठी_काका

ताई, ३१ वर्षं हेच काम केलं, आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण दप्तर तेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. तुमचे मिस्टर मृत्युपत्र न करता गेले असतील तर त्यांचा जो हिस्सा आहे त्याचे चार सारखे भाग होतात, तुम्ही, मुलगी, मुलगा आणि तुमच्या सासूबाई. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस हेच. दीर त्यात येतच नाहीत. त्यांचा स्वतःचा हिस्सा त्यांच्याकडे आहेच, तो कुणी काढून घेत नाहीये.

दुसरी गोष्ट, आणि ही दिरांना बहुतेक माहीतच नसावी. पोरं अज्ञान आहेत, म्हणजे अठरा पूर्ण नाहीत. त्यांच्या वाट्याची जमीन आईलासुद्धा परस्पर सोडून देता येत नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते, आणि कोर्ट विचारतं की यात पोरांचा काय फायदा. फायदा काहीच नाही तर परवानगी कशी मिळेल? परवानगीशिवाय पोरांच्या वतीने सही केलीत तर ती पुढे पोरांना कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावी लागेल, आणि तुमची स्वतःची सही तुमच्या हिश्शाला लागू होईलच. तुम्हाला नाही म्हणायला जड जातंय ना, मग असं म्हणा, "भावजी, पोरांचं कोर्टाशिवाय होत नाही असं कळलंय, आधी वारस नोंद करून घेऊ." यात खोटं काही नाही आणि भांडणही नाही.

तिसरं. वारस नोंदीचा अर्ज तुम्ही एकट्या करू शकता, कुणाची संमती लागत नाही. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं स्वयंघोषणापत्र, आठ अ (खात्याचा उतारा), आधार, रेशनकार्ड एवढं घेऊन चावडीत (तलाठी ऑफिसात) जा, नाहीतर ई-हक्क या सरकारी साइटवरून सेवा केंद्रातून ऑनलाइन टाका. पोरांची नावं "अज्ञान पालनकर्ती आई" अशी लागतील. मग फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद धरतात, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, कुणी हरकत घेतली तर महसूल अधिकारी दोघांचं ऐकून निर्णय देतो, नाही पटलं तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील. नोटीस आपली चावडी या साइटवर पण दिसते, मोबाईलवर बघत राहा. २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली ती मयतांची नावं काढून वारसांची लावायलाच, त्यामुळे तुम्ही काहीतरी जगावेगळं मागताय असं वाटून घेऊ नका.

एकच सांगतो, तोंडी काही करायचं नाही. अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच म्हणजे तुमच्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का.

---

निफाडकरीण

काकांनी कागदाचं सांगितलं, मी भीतीचं सांगते कारण ती मला चांगली माहितीये.

माझे मालक गेले तेव्हा दोन एकर द्राक्षबाग, गोडी छाटणी तोंडावर, आणि मला औषधाच्या डब्यावरचं नाव पण वाचता येत नव्हतं म्हणजे वाचता यायचं पण कशाला काय मारायचं ते माहीत नव्हतं. डाऊनी कुठला आणि भुरी कुठली, हे द्राक्षाचे रोग, हे मी बांधावर उभी राहून गड्याला विचारायचे आणि तो हसायचा. लोकांना वाटतं बाईला भीती अंधाराची नाहीतर पुरुषाची, माझी सगळ्यात मोठी भीती ही हसण्याची होती. तहसीलला पहिल्यांदा गेले तर तिथल्या माणसाने वर न बघता विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं कोणी नाही. तर तो म्हणे मग नंतर या. आणि मी आले की परत! बसमध्ये बसून रडले, पुढच्या खेपेला आमच्या बचत गटाच्या सीआरपी ताईला (गावातले गट बघणारी बाई) घेऊन गेले. ती काही बोलली नाही, नुसती शेजारी उभी राहिली पिशवी धरून, पण त्या माणसाने लगेच वर बघितलं.

तर तुला माझं सांगणं असं की एकटीने धीट व्हायच्या नादाला लागू नकोस. तुमच्या गावात उमेद या सरकारी योजनेतले बचत गट असतील, सीआरपी असेल, अंगणवाडीताई असेल, आशाताई असेल, ह्या बायकांना सगळ्या ऑफिसांची दारं पाठ असतात. त्यातली एक धर. आणि बोलायचं ते कागदावर लिहून ने, मी तर वहीत बघून वाचायचे अगदी शाळेतल्यासारखं, "साहेब माझा अर्ज अमुक तारखेचा आहे, त्याचं काय झालं." आवाज थरथरायचा पण वाक्य पूर्ण व्हायचं. थरथरल्या आवाजात दिलेल्या अर्जाची पण पोच मिळते ग.

आणि माझ्या सासूचं सांगते. त्या १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं बायकांचं अधिवेशन झालं ना तिकडे गेलेल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, ज्या गावात शंभर जण बायकोच्या नावावर जमीन करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. आमच्या गावाने काय ते केलं नाही पण सासूच्या डोक्यात ते बसलेलं. माझं नाव लावायची वेळ आली तेव्हा चुलतसासऱ्यांसमोर तीच उभी राहिली. म्हणून विचारते, तुझ्या सासूशी बोललीस का तू? त्या पण विधवाच आहेत ना, त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे म्हणून त्यांना घरात विचारतात, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

दिराने हात नाही उगारला आमच्याकडे पण विहिरीची मोटार बंद ठेवली, पाणी ऐन मणी फुगायच्या वेळी. तयारी ठेव अशा गोष्टींची. त्या वर्षी माल कमी निघाला, खोटं कशाला सांगू.

---

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो, राग नसावा. आमच्या घरात काकूने असंच वकिलाचं ऐकून केस टाकली, दिवाणी कोर्टात तारखाच तारखा, जमीन पडीक आणि दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. दीर माणूस बरा आहे असं ताई स्वतःच म्हणतायत, बिल भरलं त्याने. चार वडीलधारे बसवून तोडगा काढा, गावात राहायचंय शेवटी.

---

बोलकी_मैना

@डोंबिवली दादा, वारस नोंद म्हणजे केस नव्हे हो. बिल भरलं त्याची परतफेड दोन पोरांची जमीन??

---

काळा_कोट

मी वकील आहे, महिलांच्याच केसेस जास्त बघते. डोंबिवलीकरांचं अर्धं बरोबर आहे, वाटणीचा दावा खरंच रखडतो. पण वाटणी ही फार पुढची पायरी, ती सगळ्यांच्या संमतीने झाली तर तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली होते आणि कोर्टाचं तोंडही बघावं लागत नाही. आत्ता फक्त नाव लावायचंय. बैठक बसवायचीच तर नाव लागल्यावर बसवा, तेव्हा तुम्ही मागणाऱ्या नसता, हिस्सेदार असता.

घरातून काढतील ही भीती आहे त्याबद्दल. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त मारहाणीसाठी आहे असं बऱ्याच जणींना वाटतं. ज्या घरात तुम्ही सून म्हणून नांदलात तिथे राहायचा हक्क त्यात आहे, नवरा गेला म्हणून तो जात नाही, मालकी कुणाच्या नावावर आहे हेही बघत नाहीत. कायदेशीर मार्गाशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही. कुणी धमकावलं तर १८१ ला फोन करा, अंगावर आलं तर ११२.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, बाईला तिथे मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाची अट बाईला नाही. १५१०० वर फोन करून विचारता येतं.

दुसऱ्या लग्नाचं जाऊबाई म्हणाल्या ते चूक आहे. नवऱ्याकडून वारसाने आलेला हिस्सा एकदा तुमचा झाला की तुम्ही पुढे लग्न केलं तरी तुमचाच राहतो. करा असं म्हणत नाहीये, पण हे वाक्य तुम्हाला दटावायला वापरलं जातंय ते ओळखा.

आणि एक जमिनीबाहेरचं. मिस्टरांचं बँक पासबुक काढा आणि मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेत का बघा. कापले असतील तर जीवनज्योती विमा असतो, २ लाखाचा. घरात कुणाला माहीतच नसतं आणि पैसे तसेच राहून जातात. लगेच बँकेत विचारा, अजून उशीर नको. निराधारचे १५०० महिना पण बघा, संजय गांधी योजना, त्याला मात्र उत्पन्नाची अट आहे.

---

सांगोल्याची_लेक

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय कारण मोबाईल पोरीकडे असतो अभ्यासाला.

मंगळवारी गेले नाही. ताप वगैरे सांगायचं ठरवलं होतं पण सकाळी दीर गाडी काढायला लागले तेव्हा काकांनी लिहिलेलं तेच वाक्य बोलले, पोरांचं कोर्टाशिवाय होत नाही म्हणे. ते म्हणाले कोण म्हणतं. मी म्हटलं चावडीत विचारा. एवढं बोलून मी आत गेले आणि हंडा घासत बसले, हात थरथरत होते नुसते. ते गेले गाडी घेऊन, संध्याकाळी आले ते बोलले नाहीत, अजून बोलत नाहीत.

गुरुवारी आशाताईला घेऊन चावडीत गेले. तिथल्या मॅडम आहेत, त्यांनी अर्ज बघून सासूबाईंचं नाव वारसात राहिलं होतं ते लिहायला लावलं आणि पोच दिली. पोच मी पोरीच्या दप्तरात ठेवलीये, तिथं कुणी हात घालत नाही.

सासूबाईंशी बोलले, निफाडच्या ताई. त्या धाकट्याच्याच बाजूच्या आहेत, स्पष्ट म्हणाल्या तू घर फोडतीयस. मग बऱ्याच वेळाने विचारलं की माझं नाव राहतंय ना. राहतंय म्हटलं, वाढतंय उलट. त्यावर काही बोलल्या नाहीत. हळदीकुंकवाला मला बोलवत नाहीत त्याचं पण लिहिणार होते, पण ते राहू दे आत्ता.

पासबुकात ४३६ आहेत! बँकेत गेले, एकटी, एसटीने, अर्धं तिकीट. त्यांनी फॉर्म दिलाय.

आता नवीनच. परवापासून विहिरीवरचा स्टार्टर दीर बंद करून कुलूप लावतात. कनेक्शन मिस्टरांच्या नावावर आहे. मक्याला पाणी पाहिजे.

---

निफाडकरीण

सांगितलं होतं ना. बघ, मोटारीवरच येतात सगळे. पासबुकाचं वाचून मात्र मी इथे ओरडलेच, पोरगा म्हणतो काय झालं आई.

हळदीकुंकवाचं राहू दे नको म्हणूस, लिही सावकाश. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरावच केला विधवांच्या ह्या सगळ्या प्रथा बंद म्हणून, मग सरकारनेही परिपत्रक काढलं. आमच्या गटातल्या बायकांनी तो कागद दाखवून आमच्याकडे विषय काढला, चार जणी उठून गेल्या, बाकीच्या बसल्या.

---

निवृत्त_तलाठी_काका

ताई, स्टार्टरचं. कुलूप तोडू नका, कितीही राग आला तरी, मग तुमच्यावरच तक्रार होते. कुलपाचा तारखेसकट फोटो काढा. कनेक्शन मयताच्या नावावर आहे तर महावितरणच्या शाखा कार्यालयात नाव बदलाचा अर्ज करायचा, मृत्यू दाखला आणि वारस फेरफार मंजूर झाल्यावरचा सातबारा लागेल, म्हणजे अजून थोडे दिवस. तोपर्यंत पाण्याच्या पाळीचं पोलीस पाटलाला लेखी द्या. तोंडी सांगू नका, आमच्यासारखी माणसं तोंडी सांगितलेलं चहाबरोबर विसरतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कात विहिरीची नोंद, सामाईक वगैरे, काय आहे ते बघून सांगा. डिजिटल सही असलेला उतारा १५ रुपयांत निघतो.

---

सांगोल्याची_लेक

उद्या काढते. पोलीस पाटील दिरांचे मित्र आहेत काका, तरी देऊ का?

---

निवृत्त_तलाठी_काका

द्याच. मित्र असले तरी पोच द्यावी लागते. नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत तहसीलदारांना.